दुरुस्तीनंतर गेलेली ताकद : मोटारीच्या इंजिनाचे निदान



आजचा विषय गॅरेजमधला असला तरी तो आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा आहे. गाडी दुरुस्तीला दिली. दोन दिवसांनी ती हातात आली, पैसे चुकते झाले, आणि गावाबाहेरच्या पहिल्याच चढावर लक्षात आले की गाडीत पूर्वीचा दम राहिलेला नाही. ज्या कामासाठी ती दिली होती ते काम झाले आहे, पण ताकद गेली आहे. अशा वेळी माणूस तीनांपैकी एक गोष्ट करतो. मिस्त्रीशी भांडतो, किंवा दुसऱ्या गॅरेजात नेऊन इंजिन पुन्हा खोलायला लावतो, किंवा ‘आता गाडी जुनी झाली’ असे म्हणून गप्प बसतो. पहिल्यात माणूस तुटतो, दुसऱ्यात पैसा जातो आणि तिसऱ्यात कधीतरी जिवावर बेतते.

जिवावर बेतते हे मी वाढवून सांगत नाही. आपला मुलूख सातपुड्याच्या पायथ्याचा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे आणि छिंदवाडा सुमारे ६७५ मीटरवर. सौंसरकडून वर जाताना सिल्लेवानीचा घाट चढावाच लागतो. पांढुर्ण्याहून मुलताईकडे निघालात तरी गाडी चढणीलाच लागते. घाटात पुढच्या ट्रकला ओलांडावे की नाही, हा निर्णय चालक क्षणात घेतो, आणि तो घेतो गाडीच्या जुन्या ताकदीच्या भरवशावर. ती ताकद कमी झालेली असेल आणि त्याला ते नीट उमगलेले नसेल, तर अंदाज चुकतो. संत्र्याच्या हंगामात कळमन्याच्या बाजाराकडे भरलेल्या गाड्या धावतात तेव्हाही हाच हिशेब असतो. म्हणून गेलेली ताकद कुठे गेली ते शोधणे ही हौस नाही, गरज आहे.

आता साहित्य संस्थेच्या व्यासपीठावर हे कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ‘निदान’ या शब्दातच आहे. आज आपण निदान म्हणजे रोग ओळखणे एवढेच समजतो. आयुर्वेदात मात्र निदान म्हणजे रोगाचे कारण, आणि रोग ओळखण्याच्या पाच साधनांपैकी ते एक. उरलेली चार म्हणजे पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. रोगापूर्वीची चाहूल, रोगाची लक्षणे, अमुक केल्याने बरे वाटते का याची परीक्षा, आणि रोग आत कसा वाढत गेला याची साखळी. गॅरेजमधला चांगला मिस्त्री नकळत याच पाच वाटांनी जातो. आणि त्यातली पहिली वाट भाषेतून जाते, कारण गाडी स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने बोलावे लागते ते मालकाला.

तक्रारीचे शब्द

आपल्याकडे ताकद गेल्याची तक्रार अनेक शब्दांत सांगितली जाते आणि ऐकणारा ती सगळी एकाच अर्थाने घेतो. खरे तर प्रत्येक शब्दाचा रोख वेगळा असतो.

‘गाडी उठत नाही’ म्हणजे जागेवरून निघताना ती सुस्त आहे, पुढे ठीक चालते. ‘ओढत नाही’ म्हणजे सपाटीवर चालते, पण चढाला किंवा ओझ्याला दबते. ‘कितीही दाबा, पुढे जातच नाही’ म्हणजे एका ठरावीक वेगाला किंवा फेऱ्यांना ती अडते. ‘झटके देते’ किंवा ‘मिसिंग मारते’ म्हणजे एखादा सिलिंडर आपले काम मध्येच सोडतो आहे. ‘आवाज वाढतो, गाडी वाढत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इंजिनाची नसतेच, क्लचची असते. आणि ‘पाय काढला की लगेच थांबते’ ही तक्रार ब्रेककडे बोट दाखवते.

या सगळ्यांना ‘पिकअप नाही’ या एकाच पोत्यात भरले की मिस्त्रीला अंधारात चाचपडावे लागते. मग तो हाताशी येईल ते बदलतो. प्लग बदलतो, फिल्टर बदलतो, इंजेक्टर साफ करतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. बिल वाढते, रोग जागच्या जागी राहतो.

या भागात आणखी एक अडचण आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर एका राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौंसर दुसऱ्या राज्यात राहिले. त्यामुळे आपली तक्रार मराठीत असते, बिल हिंदीत असते आणि गाडीला जोडायचे स्कॅनर यंत्र इंग्रजीत बोलते. तीन भाषांच्या या प्रवासात ‘चढाला दबते, पण सपाटीवर ठीक आहे’ हा मोलाचा तपशील गळून पडतो आणि कागदावर उरते ते ‘पिकअप कम’. निदानाची अर्धी लढाई इथेच हरली जाते.

बैल, जू आणि चाक

भरलेली बैलगाडी मंद चालत असेल तर शेतकरी तीन ठिकाणी पाहतो. बैल थकला आहे का? जू नीट बसले आहे का, म्हणजे बैलाचा जोर गाडीपर्यंत पोचतो आहे का? की चाक कुठे घासते आहे, आखाला वंगण नाही? मोटारीतही याहून चौथी जागा नाही. एक तर इंजिन ताकद निर्माण करत नाही. किंवा करते, पण ती चाकापर्यंत पोचत नाही. किंवा पोचते, पण काहीतरी गाडीला मागे धरून ठेवते.

पाना हातात घेण्याआधी या तिन्ही जागा वेगळ्या करता येतात, तेही फुकट. मोकळ्या, सपाट रस्त्यावर इंजिन चालू ठेवून साधारण ३० च्या वेगात गाडी न्यूट्रल करा आणि ती किती अंतर घरंगळत जाते ते पाहा. लवकर थांबली तर ब्रेक धरून बसला आहे. पाच-सात किलोमीटर कमी ब्रेक वापरून चालवल्यावर चारही चाकांजवळ हात न्या. हात लावू नका, फक्त जवळ न्या. एकच चाक तापलेले असेल तर चोर सापडला. ब्रेक पॅड किंवा लायनर बदलल्यावर कॅलिपर अडकणे, हँडब्रेक गरजेपेक्षा जास्त आवळला जाणे, ही नेहमीची कारणे आहेत. यात इंजिनाचा काही दोष नसतो.

क्लचची परीक्षा चढावर होते. वरच्या गिअरमध्ये पाय दाबला की फेऱ्या एकदम वाढल्या, पण काटा ५० वरून हलला नाही आणि जळकट वास आला, तर क्लच घसरतो आहे. नवी क्लच प्लेट बसवल्यावरही हे होते. केबल जास्त ताणली गेली तर क्लच पूर्ण धरतच नाही. प्लेटवर ग्रीस किंवा ऑइलचा हात लागला असेल तरीही. नव्या प्लेटचे पैसे देऊन गाडी जुन्यापेक्षा ढिली झाली, या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच असते.

या दोन्ही परीक्षांत गाडी खरी उतरली, तरच बैलाकडे वळायचे.

इंजिन ताकद आणते कुठून

इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप आहे. १८७६ साली निकोलाउस ओटोने चार फेरांचे इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून त्याचा धर्म बदललेला नाही. हवा आत घ्यायची, दाबायची, पेटवायची, बाहेर फेकायची. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हेच मापाने सांगायचे तर एका लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटरच्या आसपास हवा. आपण इंधनाचे पैसे मोजतो म्हणून इंधनाचाच विचार करतो. इंजिनाला भूक असते ती मात्र हवेची.

त्यामुळे ताकद गेली की चार प्रश्न विचारायचे. पुरेशी हवा आत जाते का आणि धूर मोकळा बाहेर पडतो का? इंधन योग्य मापात मिळते का? दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, पुरेसा होतो का? आणि हे सगळे वेळेवर होते का? पेट्रोल गाडीत ठिणगीची वेळ, डिझेल गाडीत इंधन फवारण्याची वेळ, आणि दोन्हींत झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ. हवा, इंधन, दाब, वेळ. पाचवे कारण शोधायला जाऊ नये; जे सापडेल ते या चारांपैकीच कशाच्या तरी पोटात असेल.

हात कुठे लागला

दुरुस्तीनंतरच्या दुखण्यात एक मोठी सोय असते. त्याला तारीख असते. वयाने आलेली दुर्बलता कधी सुरू झाली ते सांगता येत नाही. इथे मात्र सोमवारी गाडी ठीक होती, गुरुवारी नाही, आणि मधल्या दिवसांत काय झाले ते बिलावर लिहिलेले आहे. म्हणून पहिला नियम असा : जिथे हात लागला तिथे आधी पाहा. केवळ बदललेला भाग पाहून भागत नाही. त्या भागापर्यंत पोचण्यासाठी जे जे काढले, सरकवले, सोडवले, तेही पाहायचे. नवा भाग सहसा दगा देत नाही. वाटेतली नळी किंवा प्लग सॉकेट विसरले जाते.

साधी सर्व्हिसिंग घ्या. एअर फिल्टरचे झाकण नीट बसले नाही किंवा त्यापुढची रबरी नळी क्लॅम्पमधून सुटली, तर हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून हवा आत शिरते. संगणकाला वाटते हवा कमी आहे, तो इंधनही कमी देतो, आणि गाडी ढिली पडते. फिल्टर काढताना आत पडू नये म्हणून तोंडाशी कोंबलेले कापड तसेच राहिल्याची उदाहरणेही या धंद्यात नवी नाहीत. जुन्या, केबलवर चालणाऱ्या गाड्यांत तर एक गंमतच होते. कोणीतरी पायाने अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा आणि दुसऱ्याने बॉनेटखाली पाहावे की थ्रॉटल पूर्ण उघडते का. केबल ढिली राहिली असेल किंवा पायाखालची चटई आड येत असेल तर ते अर्धेच उघडते. हे इंजिन बंद ठेवून पाहायचे, खर्च शून्य.

टर्बो असलेल्या डिझेल गाड्यांचे उदाहरण आपल्या रस्त्यांवर भरपूर आहे. मूळ फियाटचे १२४८ सीसीचे, म्हणजे १.३ लिटरचे, डिझेल इंजिन स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसले. हे इंजिन साधारण २,००० फेऱ्यांच्या खाली जात्याच सुस्त असते. त्याच्या वर टर्बो हवा कोंबू लागला की ते अंगात आल्यासारखे पळते. आता इंटरकुलरची नळी काम करताना सोडली आणि परत बसवताना क्लॅम्प कच्चा राहिला, तर काय होईल? दाबलेली हवा वाटेतच निसटेल. गाडी सुरू होईल, नीट चालेल, पण २,००० नंतरची उसळी येणार नाही. जोर दिला की फस्स किंवा शीळ ऐकू येईल, आणि बऱ्याचदा काळा धूर. कुठल्या फेऱ्यांवर ताकद गेली हे मालकाने सांगितले की चांगला मिस्त्री थेट त्या नळीवर हात ठेवतो. तुटलेल्या किंवा उलट जोडलेल्या बारीक व्हॅक्यूम नळीचेही असेच.

डिझेल फिल्टर बदलल्यावर ताकद गेली आणि सकाळी गाडी उशिरा सुरू होऊ लागली, तर इंधनाच्या वाटेत हवा शिरली आहे असे समजावे. पारदर्शक नळी असेल तर बुडबुडे दिसतात. हातपंप मारून हवा काढणे आणि रबरी रिंग नीट बसली का ते पाहणे, एवढ्याने काम होते. अशा वेळी पंप उतरवायला निघालेल्या माणसाला थोडे थांबवावे.

टायमिंग बेल्ट किंवा चेनचे काम सर्वांत नाजूक. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी होते. कॅमच्या पुलीला समजा ४० दाते आहेत. तर एक दाता चुकला म्हणजे कॅम ९ अंशांनी आणि क्रँकच्या हिशेबात १८ अंशांनी वेळ चुकली. इतक्या फरकाने गाडी बंद पडेलच असे नाही. ती सुरू होते, गावात चालते, पण तिच्यातला जीव गेलेला असतो. सर्व कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाले, पण प्रत्येक पाहुणा थोड्या उशिरा पोचला, तर सभेची जी अवस्था होते ती इंजिनाची होते. इथे अंदाज चालत नाही. खुणा जुळवून पाहाव्याच लागतात.

टॅपेट आवळल्यावरची खूण वेगळी. सकाळी थंड गाडी ठीक चालते आणि गरम झाली की ढिली पडते. अंतर कमी ठेवले गेले की तापल्यावर झडप पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. कॉम्प्रेशन गेज लावले की हे लपत नाही. निरोगी पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा दाब साधारण १० ते १३ किलो प्रति चौरस सेंटिमीटर येतो. नेमका आकडा गाडीप्रमाणे बदलतो, पण चार सिलिंडरांत आपापसांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असू नये. हेड उतरवून बसवले असेल तर ही परीक्षा बिल देण्याआधीच मागावी.

आणखी एक. काम करताना बॅटरी सोडली असेल किंवा थ्रॉटल साफ केले असेल, तर कित्येक गाड्यांचा संगणक शिकलेले विसरतो. आयडलिंग वरखाली होते, पाय देताना गाडी अडखळते. काही गाड्या थोड्या प्रवासात आपोआप सावरतात; काहींना स्कॅनरने पुन्हा शिकवावे लागते. म्हणून पहिल्याच दिवशी निकाल देऊ नये.

कावळा आणि फांदी

आतापर्यंत मी हात लागलेल्या जागेवर संशय घ्यायला सांगितले. संशय म्हणजे दोषारोप नव्हे, हेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असे आपण म्हणतो. आपल्या शास्त्रकारांनी त्याला काकतालीय न्याय म्हटले. एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणजे ती पहिलीमुळेच घडली असे होत नाही.

हवामान घ्या. हवा तापली की विरळ होते. जानेवारीच्या १५ अंशांच्या सकाळी इंजिनाला जेवढी हवा मिळते, त्यापेक्षा मेमधल्या ४५ अंशांच्या दुपारी सुमारे ९ टक्के कमी मिळते. टर्बो नसलेल्या गाडीत ताकदही साधारण त्याच प्रमाणात उतरते. नागपूरहून छिंदवाड्याच्या उंचीला गेलो की आणखी तीन-साडेतीन टक्के जातात. त्यात चार माणसे आणि एसी चालू. हिवाळ्यात गाडी ठीक वाटली आणि मेमध्ये सर्व्हिसिंगनंतर ढिली वाटली, तर त्यातला केवढा वाटा उन्हाचा, हे आधी वजा केले पाहिजे.

म्हणून तुलना सारख्याशी सारख्याची करावी. तोच रस्ता, तीच वेळ, तेवढीच माणसे, एसी बंद. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ७० वर जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने मोजावे, चालकाने नाही. तीनदा मोजून मधला आकडा घ्यावा. गाडी चांगली असताना हा आकडा वहीत लिहून ठेवला असेल तर पुढे वादच उरत नाही. ‘दम नाही’ यावर दोन माणसांत मतभेद होतील. नऊ सेकंदांचे चौदा झाले यावर होणार नाहीत.

कारण आणि योगायोग यांच्यामध्ये एक तिसरी शक्यताही असते, आणि बहुतेक भांडणे तीच लक्षात न घेतल्याने होतात. पेट्रोल गाडी मिसिंग मारत होती. मालकाने महिनाभर तशीच चालवली. मग गॅरेजमध्ये खराब इग्निशन कॉइल बदलली, मिसिंग गेले, पण गाडी वेग घेईना. मालक म्हणतो, मिस्त्रीने बिघडवली. मिस्त्री म्हणतो, माझा काय संबंध? खरे काय घडले? त्या महिन्यात सिलिंडरमधले न जळलेले पेट्रोल धुराच्या वाटेने पुढे गेले आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळत राहिले. त्या उष्णतेने त्यातली बारीक जाळी वितळून तुंबली. आता धूर बाहेर पडू शकत नाही, म्हणून नवी हवा आत येऊ शकत नाही. कॉइल बदलणे हे कारण नव्हे, आणि हा निव्वळ योगायोगही नव्हे. एकाच दुखण्याची ही दोन अंगे. पहिले बरे झाले तेव्हा दुसरे दिसू लागले. रोग आत कसा वाढत गेला ते पाहणे, म्हणजेच संप्राप्ती, इथे उपयोगी पडते. ऑक्सिजन सेन्सरच्या जागी गेज लावून उलटा दाब मोजला की गोष्ट उघड होते.

यंत्राचे ऐकावे, पण उलटतपासणी करावी

आताच्या गाड्यांत निदानासाठी सॉकेट असते, स्कॅनर लावला की तो एक क्रमांक दाखवतो. पी-०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त, इंधन कमी. पी-००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमच्या वेळा जुळत नाहीत. हे क्रमांक लक्षण सांगतात. कारण सांगत नाहीत. पी-०२९९ दिसला म्हणून टर्बो बदलायला सांगणे म्हणजे ताप आला म्हणून रक्तच बदलायला सांगणे. शंभर-दीडशे रुपयांचा क्लॅम्प सुटला तरी तोच क्रमांक येतो. उलट, क्रमांक नाही म्हणजे दोष नाही असेही नाही. घसरणारा क्लच आणि अडकलेला ब्रेक इंजिनाच्या संगणकाला बहुधा कळत नाहीत.

काही दोष दिसले की संगणक इंजिनाला वाचवण्यासाठी मुद्दाम ताकद कमी करतो. एका मर्यादेपुढे गाडी जातच नाही. याला लिंप मोड म्हणतात. दिवा लागलेला असेल तर आधी क्रमांक वाचून लिहून घ्यावा आणि मगच पुसावा. न वाचता पुसणे म्हणजे साक्षीदाराचा जबाब फाडून टाकणे.

एखादा भाग संशयास्पद वाटला तर दुसऱ्या तशाच गाडीचा चांगला भाग तात्पुरता लावून पाहता येतो. गुण आला तर संशय खरा. हाच आयुर्वेदाचा उपशय. अट एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार भाग एकदम बदलले आणि गाडी बरी झाली, तर कशाने बरी झाली ते कोणालाच कळत नाही, आणि पुढच्या वेळी चारांचेही पैसे पुन्हा मोजावे लागतात.

तेव्हा क्रम असा ठेवावा. आधी डोळे आणि कान : सुटलेली नळी, सैल क्लॅम्प, न जोडलेला सॉकेट, शीळ, वास, धुराचा रंग. मग ब्रेक आणि क्लच. मग स्कॅनर. मग गेज : इंधनाचा दाब, कॉम्प्रेशन, धुराचा उलटा दाब. आणि सर्वांत शेवटी इंजिन खोलणे. फुकटापासून महागाकडे, बाहेरून आत. इंजिन खोलले की आधीच्या कित्येक खुणा कायमच्या पुसल्या जातात, म्हणून ते शेवटी.

गाव लहान आहे

पांढुर्णा काय आणि सौंसर काय, २०२३ मध्ये जिल्हा झाला तरी गावे एकमेकांना ओळखणारीच आहेत. ज्या मिस्त्रीशी आज भांडाल, त्याच्याच मुलाच्या लग्नात उद्या जेवायला बसाल. हा संबंध टिकवायचा तर दोन्ही बाजूंनी थोडी शिस्त हवी. मालकाने गाडी देताना तक्रार तीन वाक्यांत लिहून द्यावी : काय होते, केव्हा होते, कधीपासून होते. थंड असताना की गरम असताना, चढाला की सपाटीला, किती फेऱ्यांवर, तेही लिहावे. मिस्त्रीने बिलावर बदललेले भाग लिहावेतच, शिवाय काय काय उतरवले होते तेही लिहावे, आणि जुने भाग परत द्यावेत. गाडी देताना दोघांनी मिळून एक चक्कर मारावी, आणि परत घेताना त्याच रस्त्याने पुन्हा मारावी.

एवढे करूनही तोडगा निघाला नाही तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. सेवेत उणीव असल्याची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते. पण तिथेही ‘दुरुस्तीनंतर बिघडली’ एवढ्याने भागत नाही; ‘दुरुस्तीमुळे बिघडली’ हे दाखवावे लागते. ‘नंतर’ आणि ‘मुळे’ या दोन अव्ययांमधले अंतर कागदाने, आकड्याने आणि जुन्या भागांनीच भरून निघते. लिहून ठेवलेली तीन वाक्ये तेव्हा कामी येतात.

व्याकरण शिकताना ‘नंतर’ आणि ‘मुळे’ यांतला फरक आपण सगळेच पाठ करतो. गॅरेजच्या दारात उभे असताना तो आठवला, तर मिस्त्रीवर आळ येत नाही, मालकाचा खिसा वाचतो, आणि सिल्लेवानीच्या घाटात पुढचा ट्रक ओलांडायचा की त्याच्या मागेच राहायचे हे गाडीच्या आजच्या ताकदीवरून ठरवता येते.